मिनी बायपासनंतर गोळ्यांचं वेळापत्रक: चहा, आयर्न, कॅल्शियम आणि थायरॉइड

प्रश्न थोडक्यात असा. ताई ३४ वर्षांच्या, शाकाहारी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतात. मिनी बायपास, म्हणजे वजन कमी करण्याची जठर-आतड्याची सर्जरी, होऊन पाच महिने झाले. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू आहे. पहाटे साडेपाचला उठून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोलीला नोकरीला जातात. मल्टिव्हिटॅमिन, आयर्न, कॅल्शियम आणि बी-१२ नाश्त्याबरोबर एकदम घेतात आणि गाडीत मळमळतं. व्हिटॅमिन डीचं पाकीट रविवारी. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गमीज सुरू केल्यात. सोसायटीतल्या बायकांचं म्हणणं, वजन उतरलं, आता कशाला एवढ्या गोळ्या. आणि केमिस्ट म्हणतो, महागातल्या घेण्यापेक्षा साधं बी-कॉम्प्लेक्स आणि साधं कॅल्शियम घ्या, एकच आहे.

आधी बायकांचं बोलणं निकालात काढू. गोळ्या जन्मभर आहेत. मिनी बायपासमध्ये जठराची एक लांब, अरुंद नळी करतात आणि ती लहान आतड्याला बऱ्याच खाली, साधारण दीडशे ते दोनशे सेंटिमीटरवर जोडतात. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी पहिल्या भागात, आणि तुमचं अन्न आता तिथून जातच नाही. बी-१२ अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं, पुढे शोषलं जायला जठरातूनच पाझरणारा एक घटक लागतो. दोन्ही कमी झालेत. स्निग्ध पदार्थांना पित्त उशिरा भेटतं, म्हणून ए, डी, ई, के ही चार व्हिटॅमिनंही अर्धवट शोषली जातात. वजन ६५ किलोवर आलं काय किंवा ८५ वर राहिलं काय, ही जोडणी तशीच राहणार आहे. स्लीव्ह ही वजनाचीच दुसरी सर्जरी झालेल्यांचं आतडं शाबूत असतं, पण जठराचा मोठा भाग काढलेला असतो, त्यामुळे बी-१२ आणि लोहाची अडचण त्यांनाही आहे. त्यांनी 'आमचं काय बायपास नाही' म्हणून निवांत राहू नये.

आता वेळा. तुमच्या घरात चार गोष्टी एकमेकींच्या वाटेत येतात: थायरॉइडची गोळी, आयर्न, कॅल्शियम आणि चहा. कॅल्शियम आणि आयर्न या दोघांमध्ये किमान दोन तास हवेत, कारण कॅल्शियम लोहाचं शोषण अडवतं. थायरॉइडची गोळी आणि या दोघांमध्ये चार तास हवेत. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह आणि झिंक असतं, त्यामुळे चार तासांचा नियम त्यालाही लागू. नेमकी इथेच बहुतेकांची चूक होते: आयर्न लांब ठेवतात आणि मल्टिव्हिटॅमिन थायरॉइडच्या गोळीनंतर तासाभरात नाश्त्याला घेतात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणून आयर्नच्या आधी एक तास आणि नंतर एक-दोन तास चहा-कॉफी नाही. शिवाय कॅल्शियम एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर नीट शोषलं जात नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे दोनदा-तीनदा विभागून घ्यावंच लागतं.

हे सगळं तुमच्या दिवसात बसवलं तर असं दिसतं:

५:३० – थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर. चहा सव्वासहानंतर.
७:१५ – नाश्ता. यात प्रोटीन, गोळी नाही.
१०:३० – कॅल्शियम सायट्रेट, पहिला डोस. बरोबर बी-१२ घेतलं तरी चालतं.
१:०० – जेवण अर्धं झाल्यावर मल्टिव्हिटॅमिन.
४:०० – कॅल्शियम सायट्रेट, दुसरा डोस. ऑफिसचा चहा याच वेळेला घ्या.
७:०० – कॅल्शियमचा तिसरा डोस, लागत असेल तर.
८:०० – जेवण.
९:४५ – आयर्न, लिंबूपाण्याबरोबर. लगेच आडवं व्हायचं नाही.

आयर्न रात्री का, असं बरेच जण विचारतात. सकाळ थायरॉइडने आणि चहाने अडवलेली आहे, दुपार मल्टिव्हिटॅमिनने आणि कॅल्शियमने. रात्री मोकळी जागा आहे आणि मळमळलंच तर झोपेत निघून जातं. मात्र आयर्नची गोळी घोटभर पाण्याने गिळून लगेच आडवं झालं तर ती अन्ननलिकेत अडकून छातीत जळजळ करते, क्वचित जखमही होते. गोळीनंतर अर्धा तास बसून राहा किंवा आवराआवर करा. रात्री आम्ल वर येत असेल तर दुसरा रस्ता आहे: डॉक्टरांना विचारून थायरॉइडची गोळी झोपताना, म्हणजे जेवणानंतर तीन तासांनी, आणि आयर्न पहाटे, चहाच्या आधी. हे अदलाबदलीचं काम परस्पर करू नका. वेळ बदलली की टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघावा लागतो.

गाडीतल्या मळमळीचं कारण आता लक्षात आलं असेल. लोह आणि झिंक दोन्ही पोटाला टोचतात. सातच्या नाश्त्याला तुम्ही जेमतेम अर्धी इडली खाणार, त्यावर चार गोळ्या, आणि वर ठाणे ते ऐरोली उभं राहून धक्के. मल्टिव्हिटॅमिन जेवणाच्या मधोमध गेलं की हा त्रास बहुतेक थांबतो. जेवताना पाणी प्यायचं नाही हा नियम गोळी गिळायला लागणाऱ्या एक-दोन घोटांना लागू नाही. तरीही मळमळलं तर चघळायची गोळी मागा. गोळी फोडून किंवा कुटून घ्यायची असेल तर आधी पाकिटावर बघा: हळूहळू सुटणारी गोळी किंवा आतड्यात विरघळण्यासाठी वरून लेप दिलेली गोळी कुटायची नसते. हळूहळू सुटणाऱ्या आयर्नच्या गोळ्या तर बायपासनंतर घेऊच नयेत, त्या सुटेपर्यंत शोषणाची जागा मागे पडलेली असते.

आता केमिस्टच्या 'एकच आहे'कडे. एकच नाही. साध्या बी-कॉम्प्लेक्समध्ये लोह, कॅल्शियम, ए, डी, कॉपर नसतं आणि बी-१२ किरकोळ असतं. तोंड आलं की घ्यायला ते ठीक आहे. तुमच्या मल्टिव्हिटॅमिनच्या लेबलवर काय हवं ते सांगतो: थायामिन म्हणजे बी-१ किमान १२ मिलिग्रॅम, फॉलिक ॲसिड ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम (मूल होण्याच्या वयात ८०० ते १०००), व्हिटॅमिन ए ५,००० ते १०,००० युनिट, झिंक ८ ते २२ मिलिग्रॅम, कॉपर २ मिलिग्रॅम. गमीजमध्ये लोह सहसा नसतंच, थायामिनही बहुधा नसतं. त्या खायला गोड आहेत, एवढंच.

कॅल्शियमच्या बाबतीत दोन गोष्टी बघायच्या. पहिली, प्रकार. 'साधं कॅल्शियम' म्हणजे कार्बोनेट. ते विरघळायला आम्ल लागतं, तुमच्याकडे आम्ल कमी, आणि सर्जरीनंतर पँटोप्रॅझोल किंवा तसलीच ॲसिडिटीची गोळी चालू असली तर आणखी कमी. कार्बोनेट बद्धकोष्ठही करतं. सायट्रेटला आम्ल लागत नाही, जेवणाबरोबर घ्या नाहीतर रिकाम्या पोटी, शिवाय बायपासनंतर वाढणाऱ्या ऑक्झलेटच्या मुतखड्याविरुद्ध त्याचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट आकड्याची, आणि इथे शिकलेली माणसंही फसतात. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'कॅल्शियम सायट्रेट १००० मि.ग्रॅ.' लिहिलेलं असतं. तो क्षाराचा आकडा आहे. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम २१० मिलिग्रॅम. मागे बारीक अक्षरात 'एलिमेंटल कॅल्शियम' समोर जो आकडा असेल तोच मोजायचा. कार्बोनेटमध्ये हे प्रमाण ४० टक्के, म्हणून १२५० मिलिग्रॅम कार्बोनेटची गोळी ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. म्हणजे २१०वाली एक गोळी दिवसातून दोनदा घेऊन 'डोस पूर्ण' म्हणणाऱ्याला खरं तर ४२० मिळतंय. रक्तातलं कॅल्शियम तरीही नॉर्मल येतं, कारण शरीर ते हाडांतून काढून भरून ठेवतं. हा उपसा पकडायचा तर पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजे पीटीएच, तपासावा लागतो. दही, ताक, पनीर यांतून येतं ते हिशेबात धरा, पण पाच महिन्यांच्या पोटात ते फार मावत नाही.

आयर्नचंही तसंच. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम म्हणजे लोह साधारण ६५. तुमची पाळी चालू आहे आणि बायपास झालाय, म्हणून दिवसाला एकूण ४५ ते ६० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह लागतं. मल्टिव्हिटॅमिनमधलं यात धरायचं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या फेरस ॲस्कॉर्बेटच्या गोळीत १०० मिलिग्रॅम असतं. फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, खाली गेलेलं असेल तर ती योग्यच आहे. फेरिटिन चांगलं असूनही रोज १०० चालू असेल तर बद्धकोष्ठ फुकटचं, डॉक्टरांना डोस विचारा. कमतरतेतही एक दिवसाआड गोळी देणारे डॉक्टर आहेत. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढवतं आणि दुसऱ्या दिवशीचं शोषण त्यामुळे घटतं. दिवसाआड घेतल्याने पोटालाही आराम मिळतो. हिमोग्लोबिन घसरतच राहिलं तर गोळ्या वाढवत बसण्यापेक्षा शिरेतून आयर्न घेतलेलं बरं.

आयर्न चालू असताना शौच काळपट होणं अपेक्षित आहे. पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं, आणि बरोबर चक्कर किंवा धडधड असेल तर तो गोळीचा रंग नाही, आतल्या जखमेतलं रक्त असू शकतं. त्याच दिवशी सर्जनला गाठा. ही जखम होण्यात तंबाखू-सिगारेटइतकाच हात असतो डोकं-कंबरदुखीसाठी घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकचा. दुखलं तर पॅरासिटामॉल. बद्धकोष्ठावर पहिलं औषध पाणी, दिवसभरात दीड ते दोन लिटर, घोटाघोटाने. इसबगोल घ्यायचं तर भरपूर पाण्यात पातळ करून. घट्ट कालवलेलं इसबगोल अरुंद नळीत फुगून बसतं.

बी-१२. तोंडावाटे घेतलेल्या मोठ्या डोसचा साधारण एक टक्का, कुठल्याही मदतनीस घटकाशिवाय, आपसूक आत झिरपतो. १००० मायक्रोग्रॅम घेतले की दहा आत. म्हणून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी चालते, नाहीतर महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहारी माणसाचा साठा सर्जरीच्या आधीच तळाला असतो, तेव्हा डोस वरच्या टोकाचा ठेवा. दुकानात 'मिथाइलकोबालामिन द्या' म्हटलं की काही वेळा प्रेगॅबॅलिन किंवा गॅबापेंटिन मिसळलेली गोळी हातात पडते. ती नसांच्या दुखण्याची आहे, त्याने गुंगी येते, पाय सुजतात, वजनही वाढतं. पाकीट उलटून बघा: आत फक्त मिथाइलकोबालामिन लिहिलेलं हवं. अगदी थेंबभर शंका आली तरी परत करा. आणखी एक: फॉलिक ॲसिड भरपूर आणि बी-१२ कमी असं झालं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, हे हिमोग्लोबिन छान आहे म्हणून दुर्लक्षू नये.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पाकिटं आठवड्याची असतात. रोज एक घेणारी माणसं असतात, कॅल्शियम चढून उलट्या, गोंधळ आणि किडनीला त्रास घेऊन ती दवाखान्यात येतात. ६०,०००चा कोर्स ठरावीक आठवड्यांचा, मग पातळी बघून रोजची ३,००० युनिट किंवा डॉक्टर ठरवतील ते. रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवायची. पाकीट दुधातून किंवा तूप-तेल असलेल्या जेवणाबरोबर घ्या, पाण्यातून नको. शाकाहारी कुटुंबांसाठी: डीच्या तेलकट कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं. सप्लिमेंटच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघता येतो. नकोच असेल तर पावडर किंवा थेंब मागा, पण 'कॅप्सूल चालत नाही' म्हणून डोस सोडू नका.

केस. सर्जरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळणारे केस हा शरीराला बसलेल्या धक्क्याचा परिणाम आहे, सहसा वर्षाच्या आत परत येतात. बायोटिनची कमतरता त्यामागे क्वचितच असते. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम जातंय का ते आधी मोजा. वरण-भातावर ते होत नाही. पनीर, घट्ट दही, सोयाबीन, मोड आलेली उसळ आणि वरून प्रोटीन पावडर, असं करून कसंबसं गाठतं. मग फेरिटिन बघा. बायोटिनचा खरा त्रास वेगळाच आहे: जास्त डोस असला की टीएसएचची चाचणी फसते, टीएसएच खोटा कमी आणि टी-४ हे थायरॉइडचं हार्मोन खोटं जास्त येतं. तुमच्यासारख्या थायरॉइडच्या रुग्णाचा डोस मग विनाकारण कमी केला जातो. गमीज बंद केल्या तरी काही बिघडत नाही, आणि घेणारच असाल तर रक्त देण्याआधी तीन दिवस बंद. केसांसाठी ५० मिलिग्रॅमचं झिंकही परस्पर नको. झिंक फार झालं की कॉपर घसरतं, आणि त्यातून होणारा अशक्तपणा, तोल जाणं हे हुबेहूब बी-१२च्या कमतरतेसारखं दिसतं. १ मिलिग्रॅम कॉपरमागे ८ ते १५ मिलिग्रॅम झिंक, एवढं प्रमाण.

आता ज्यासाठी हे उत्तर जपून ठेवावं असा भाग. थायामिनचा, म्हणजे बी-१चा साठा शरीरात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. उलट्या सुरू झाल्या, पोटात काही टिकत नाही, गोळ्याही बाहेर पडतात, असं दोन-तीन दिवसांच्या वर चाललं की धोका सुरू होतो. पावसाळ्यात ठाण्या-नवी मुंबईत पोट बिघडणं नवीन नाही. गल्लीतले डॉक्टर अशक्तपणा बघून ग्लुकोजची सलाईन लावतात. साठा संपलेल्या माणसाला थायामिनशिवाय ग्लुकोज दिलं की उरलंसुरलं थायामिन वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते: एकाची दोन दिसणं, चालताना झोकांड्या, बोलण्यात गोंधळ. यातलं काही कायमचं राहतं. म्हणून तिथे स्पष्ट सांगायचं, "माझी वजनाची बायपास सर्जरी झालीय, आधी थायामिनचं इंजेक्शन द्या, मग ग्लुकोज." घरच्यांनाही हे वाक्य पाठ करून ठेवायला लावा, कारण तेव्हा तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नसाल. सर्जरीचं नाव आणि तारीख लिहिलेलं कार्ड पर्समध्ये असू द्या.

गोळ्या ठेवायच्या कशा, हेही आपल्या हवेत महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर चघळायच्या गोळ्या आणि पावडर ओलावा खेचतात, चिकट होतात, फुटतात. सात कप्प्यांचा डबा चांगला, पण गोळ्या पट्टीतून सोलून आठवडाभर त्यात टाकू नका. पट्टीचे तुकडे कापून कप्प्यात ठेवा, आणि एक्स्पायरी लिहिलेला तुकडा सगळ्यात शेवटी वापरा. गॅसजवळच्या फडताळात किंवा बाथरूममध्ये डबा नको. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कॅल्शियमची वेगळी पट्टी ठेवा आणि पर्समध्ये एका दिवसाच्या गोळ्या. पाणी साचून गाड्या रखडल्या की सातचा डोस ऐरोली-ठाण्याच्या मध्ये कुठेतरी घ्यावा लागतो, तिथे चघळायचं सायट्रेट सोयीचं. एखादा डोस राहिलाच तर पुढच्या वेळी दुप्पट नाही.

संकष्टी-एकादशीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण श्रावणात प्रश्न येतोच. कॅल्शियम सायट्रेट आणि थायरॉइडला उपासाची अडचण नाही. मल्टिव्हिटॅमिन मात्र रिकाम्या पोटी नको, ते दही, पनीर किंवा दुधातल्या राजगिऱ्याबरोबर घ्या. साबुदाण्याची खिचडी चिकट असते, नळीत अडते आणि प्रोटीन जवळजवळ देतच नाही. निर्जळी उपास या सर्जरीनंतर नाहीच.

पित्ताशयातले खडे होऊ नयेत म्हणून दिलेली अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी सहसा सहा महिन्यांची असते. तुमचा एक महिना बाकी आहे, ती आपण होऊन सोडू नका. उलट ॲसिडिटीची गोळी किती महिने हे सर्जनला विचारून घ्या. वर्षानुवर्षं सवयीने चालू राहिली तर लोह आणि बी-१२ दोन्ही आणखी कमी शोषलं जातं.

सहाव्या महिन्याची तपासणी जवळ आलीय. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबच्या 'फुल बॉडी' पॅकेजात पीटीएच आणि फेरिटिन असेलच असं नाही, नावं देऊन मागा: सीबीसी, फेरिटिन, आयर्न आणि टीआयबीसी, बी-१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच, अल्ब्युमिन, लिव्हर-किडनीच्या चाचण्या, टीएसएच. बायपास आहे म्हणून झिंक, कॉपर आणि व्हिटॅमिन ए वर्षातून एकदा तरी. आदल्या रात्रीचं आयर्न वगळा. नुकताच ताप येऊन गेला असेल तर फेरिटिन खोटं वर दिसतं, दोन-तीन आठवडे थांबून रक्त द्या. वजन उतरल्यावर थायरॉइडचा डोसही बदलू शकतो, तेव्हा टीएसएच टाळू नका. यानंतर बाराव्या महिन्याला, मग दरवर्षी. आणि दिवस राहू देण्याचा विचार असेल तर सर्जरीपासून वर्ष-दीड वर्ष थांबा. तोवर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका, बायपासनंतर तिचं शोषण भरवशाचं नसतं. तांबीचा पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून घ्या. आणि दिवस राहण्याआधी मल्टिव्हिटॅमिनमधलं ए रेटिनॉलऐवजी बीटा-कॅरोटीनच्या रूपात आहे ना, तेही त्यांनाच दाखवा.